जुन्या पेंढ्याचं कौतुक

गायीला पडदा लावणारा आमच्या गावात मी पहिलाच. तीन गोणपाटं सुतळीनं एकत्र शिवली आणि गोठ्याच्या दाराला टांगली. वर काळी बाहुली, तिच्या शेजारी बिब्बा, आणि शनिवारी बदलायची लिंबू-मिरची. सापगावच्या वाटेनं जाणारी माणसं थांबून विचारायची, "मास्तर, आत बाळंतीण हाय का कोन?" मी म्हणायचो, "होणार आहे."

आता एक कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढे लाज कमी वाटेल. मी तीसेक वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. अंधश्रद्धेवरचा धडा इतक्या वेळा शिकवलाय, की झोपेतून उठवलं तरी स्वाध्यायासकट म्हणून दाखवीन. शिस्तीलाही मी कडक. पोरानं चूक केली की उभं करायचो आणि 'चुकलं' म्हणायला लावायचो. तोंडातल्या तोंडात पुटपुटलं तर चालायचं नाही. "मोठ्यानं बोल, मागच्या बाकाला ऐकू आलं पाहिजे," हे माझं वाक्य आसपासच्या वाड्या-पाड्यांवरही माहीत होतं. मला स्वतःला 'चुकलं' म्हणायची वेळ कधी आली नाही. घरी बऱ्याचदा आली असती, पण तिथं मागचा बाक नव्हता.

निवृत्तीनंतर काय करावं याचे सल्ले पुष्कळांनी दिले. गाय घ्यावी असं कुणीच म्हणालं नाही. तो सल्ला माझा मीच घेतला. पौषात म्हशाची जत्रा भरली तेव्हा बायकोला सांगितलं, घोंगडी आणतो. संध्याकाळी टेम्पोतून एक तांबडी गाय उतरवली. कपाळावर चांद, शिंगं आखूड, सात महिन्यांची गाभण. घोंगडी विसरलो.

बायको ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "घोंगडी जरा मोठीच आनलीत."

तिचं माहेर वैशाखऱ्याकडचं. तिच्या बापाची गुरं सकाळी डोंगरात जायची आणि दिवेलागणीला आपली आपण परत यायची. गुरांतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. मान्य करायचं राहून गेलं, एवढंच. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "गावच्या गुरांत सोडा तिला. हिंडली-फिरली, चार पानं ओरबाडली की बरं असतं."

मी नाही म्हणालो. येताना वाटेत टेम्पो तीनदा थांबला होता आणि तिन्ही वेळा लोकांनी गायीचं तोंडभरून कौतुक केलं होतं. एकानं तर तिच्या पाठीवरून हात फिरवून 'वा' म्हटलं होतं. ते 'वा' मला शहापूर येईपर्यंत टोचत होतं. अशी देखणी गाय रोज गावभर फिरवायची म्हणजे दृष्टीला आमंत्रणच. शिवाय गावच्या गुरांच्या फासळ्या लांबून मोजता येत होत्या. त्यांच्या नादाला लागून आमची गाय बिघडेल असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. जसं काही ती बिडी ओढायला शिकणार होती.

तर गाय पडद्याआड राहिली. आणि तिच्या खाण्याचा प्रश्न आला तेव्हा मी माझ्या मते फार मोठ्या मनाचा निर्णय घेतला.

आम्ही भाताची माणसं. आमच्याकडे नवा तांदूळ रोजच्या जेवणाला आणि जुना तांदूळ मानाला. जुना मोकळा शिजतो, पचायला हलका. आजारी माणसाला पेज जुन्या तांदळाची, बाळंतिणीला भात जुन्या तांदळाचा, व्याही आले तरी जुनाच. ज्याच्या कणगीत दोन वर्षांचा तांदूळ, त्याचं घर खाऊन-पिऊन सुखी असं लोक समजतात. मग जे तांदळाचं तेच पेंढ्याचं असणार, ही माझी अक्कल. दोन्ही शेवटी एकाच रोपाचे. गोठ्याच्या माळ्यावर दोन वर्षांचा पेंढा होता, कोरडा खडखडीत, उंदरांनी थोडा आणि काळानं बाकीचा सोनेरी रंग खाल्लेला. यंदाचा नवा पेंढा मी शेजाऱ्याला देऊन टाकला आणि तो मुरलेला, ठेवणीतला पेंढा गाभण गायीसाठी राखून ठेवला. रोज सकाळी तिच्यापुढे पेंढी टाकताना मला दानशूर असल्यासारखं वाटायचं.

हिरवं म्हणाल तर तिला काडी मिळत नव्हती. जानेवारीनंतर आमच्याकडे हिरवं शोधावं लागतं, आणि शोधायला पडद्याबाहेर पडावं लागतं.

गाय शिमग्याच्या सुमाराला व्याली. पाडी झाली, मादी वासरू. आईसारखीच तांबडी, आणि कपाळावर तसाच चांद, फक्त जरा वाकडा लागलेला. पहिले पंधरा-वीस दिवस तिनं गोठ्यात असा धिंगाणा घातला की बायको पडद्याबाहेरून म्हणायची, "आत शाळा सुटली काय?" ती पाडी मला फार आवडायला लागली. माझी मुलं नोकरीसाठी बाहेरगावी, नातवंडं फोनच्या काचेत. हिच्या जिभेचा खरखरीत ओलेपणा मात्र दिवसभर हाताला राहायचा. बिब्बे मी एकाचे चार केले.

पाडव्याला घराच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, तसं एक गोठ्याच्या चौकटीला आतून बांधलं. त्याच सकाळी लाकडाची मोळी घेऊन मावशी आली. मावशी म्हणजे वरच्या वाडीवरची. डोंगरातली वाळकी लाकडं ती आठवड्यातून दोनदा आणून द्यायची. तिचा मुलगा माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. मावशीनं मोळी परसात, उकिरड्याच्या अलीकडे टाकली, डोक्यावरची कापडाची चुंबळ काढून घाम पुसला आणि म्हणाली, "मास्तर, गायला जरा हिरवा पाला घाला. निसत्या पेंढ्यावर किती दिस ठेवाल?"

मी 'हं' म्हणालो. ती गेल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळला. गाय काय खाते हे हिला कसं कळलं? पडदा तर बंद होता. म्हणजे हिनं बाजूला सारून पाहिलं. तेही सणाच्या दिवशी.

दुपारी गोठ्यात गेलो तर तोरण नाहीसं. गायीनं मान ताणून, दावं ताणून, सगळंच्या सगळं तोरण दोऱ्यासकट खाल्लं होतं. अर्धा दोरा तिच्या ओठाला लोंबत होता. तिच्या तोंडावर अशी तृप्ती की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या कुणी यातून काही बोध घेतला असता. मी अपशकुन घेतला.

दुसऱ्या दिवशी पाडी उठली ती काठीसारखी ताठ. मागचे पाय गुडघ्यात वाकेनात. दोन पावलं टाकली, कमरेतून थरथरली आणि बसली. मी उचलून उभी केली, सोडली की परत बसली. दुपारपर्यंत तिला आईच्या कासेपर्यंतसुद्धा जाता येईना. डोळे मात्र टकटकीत उघडे होते, आणि माझ्याकडे अशी बघत होती की हे पाय कुणाचे ते मीच सांगावं.

नेमकी त्या वेळी मावशी परसात आली. आदल्या दिवशी चुंबळ विसरली होती, ती न्यायला.

मी तिच्यावर ओरडलो. जे बोललो ते इथं शब्दशः लिहायची मला लाज वाटते. एवढं सांगतो, की तुझी नजर वाईट, काल पडद्याआड डोकावलीस आणि आज माझी पाडी गेली, असं बरंच काही मी परसभर आवाजात बोललो. पाडी नव्हे, 'माझं वासरू' म्हणालो. राग आला की मी पुस्तकी बोलतो. मावशीनं चुंबळ उचलली, झटकली आणि ती निघून गेली.

बायको दारात उभी होती. "मिरच्या ओवाळायच्या असतील त ओवाळून घ्या," ती म्हणाली. "तवर मी डाक्टरला फोन लावते."

गुरांची डॉक्टर म्हणजे शहापुरातून स्कूटीवर येणारी एक तरुण मुलगी. हेल्मेट काढलं आणि सरळ गोठ्याकडे न येता उकिरड्यापाशी थांबली. कोरड्या, फिक्या शेणाच्या रचलेल्या चकत्यांकडे पाहून म्हणाली, "गाय नुसत्या पेंढ्यावर आहे का?"

पडदा अजून बंदच होता. मला कुठंतरी बारीक टोचलं. पण ही शिकलेली, हिला कळणारच, असं म्हणून मी ते टोचणं झटकलं.

तिनं पाडीची मांडी दाबून पाहिली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, तोंडात बोट घालून चोखते का बघितलं. मग खाण्याचं विचारलं. मी ताठ मानेनं माळ्याकडे बोट केलं. "दोन वर्षांचा आहे. मुरलेला. हिच्यासाठी राखून ठेवला होता."

"आणि हिरवं?"

बायको म्हणाली, "काल तोरन खाल्लं तिनं. दोऱ्यासकट."

डॉक्टर हसली नाही, यासाठी मी तिचा आजही आभारी आहे. ती पायरीवर बसली आणि बायकोला विचारलं, "वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना?"

"म्हनून पान्यात टाकतो."

"तसंच. शरीर चालायचं म्हणजे आत सारखं काहीतरी जळत असतं, आणि त्यात मांस हळूहळू झिजतं. त्याला वाचवायला दोन गोष्टी लागतात. एक ई जीवनसत्त्व, ते हिरव्या चाऱ्यात असतं. दुसरं सेलेनियम, ते चाऱ्यात मातीतून येतं. आपल्याकडचा पाऊस मातीतलं बरंच काही धुऊन नेतो, म्हणून ते आधीच बेताचं. आणि हिरवा चारा वाळला की त्यातलं जीवनसत्त्व कमी होतं, पडून राहिला की आणखी कमी. दोन वर्षं पडलेल्या पेंढ्यात काय उरणार? गाय स्वतःच्या साठ्यावर निभावते. वासराला मात्र पोटातही मिळालं नाही आणि चिकातही नाही. ते वाढतंय झपाट्यानं, उड्या मारतंय, तेव्हा जो स्नायू जास्त काम करतो तो आधी जातो. मागचे पाय, जीभ. अशा जनावराचा स्नायू उघडून पाहिला तर लाल दिसत नाही, शिजवलेल्या माशासारखा पांढरट दिसतो."

"तांदूळ जुना चांगला असतो," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"तांदूळ असतो, सर. पेंढा नसतो."

तिनं सुई दिली. रक्त घेतलं, तपासायला पाठवते म्हणाली, पण लक्षणं तीच आहेत. मी विचारलं, एकाऐवजी दोन सुया दिल्या तर लवकर उठेल का? "आमटीत दुप्पट मीठ घातलं तर दुप्पट चांगली होते का?" ती म्हणाली. "हे औषध जास्त झालं तर विष आहे. तुम्ही फक्त हिला शांत ठेवा. दर दोन तासांनी कूस बदला, दूध काढून बाटलीनं पाजा, आणि आईला आजपासून हिरवं घाला." मग हेल्मेट चढवताना थोडं हळू बोलली, "पाय सावरतील. मला काळजी छातीची आहे. हृदयही स्नायूच आहे. हे चार दिवस जाऊ देत."

ती गेल्यावर मी गोठ्यातच बसलो. मला भीती वाटत होती. पाडीच्या फासळ्यांवर तळवा ठेवला की आतलं ठकठक हाताला लागायचं, आणि मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की माझाही चुकायचा. हिला कुणाची दृष्ट लागली नव्हती. हिला माझं कौतुक लागलं होतं. एवढी सोपी गोष्ट कळायला मला अख्खी गाय विकत घ्यावी लागली.

आता हिरवं आणायचं कुठून? शेतं उघडी, बांधांवर नुसता करडा कचरा. बायको म्हणाली, "या दिसांत हिरवा पाला कुठं असतो ते मावशीला म्हाईत. वाडीवर जा आनि इचारा."

मी पाडीची कूस बदलायला लागलो. ती बदलून दहा मिनिटंही झाली नव्हती.

"तोंड नाय ना," बायको म्हणाली, चपला घातल्या आणि स्वतःच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी पाल्याचा भारा. उंबराची कोवळी डहाळी, बांबूची पानं, भातसा नदीच्या काठचं लुसलुशीत गवत. मी गोठ्यातून पाहत होतो. मावशीनं भारा डोक्यावरून उतरवला, कुंपणाच्या आत एक पाऊलही टाकलं नाही. भारा ठेवताना तिनं पदर ओढून डोळ्यांच्या बाजूनं आडवा धरला, घोड्याला झापड लावतात तसा, आणि तोंड रस्त्याकडे फिरवून बायकोला विचारलं, "वासरू दूध पितं का गो?" बायकोनं हो म्हटलं. मावशी तशीच, न वळता, चालू लागली.

हे रोज झालं. रोज भारा, रोज आडवा पदर, रोज तोच प्रश्न. मला पहिल्या दिवशी वाटलं ती टोमणा मारते आहे. तिसऱ्या दिवशी कळलं की टोमणा नाही, तिला खरोखरच जपायचं आहे. चुकून इकडे पाहिलं गेलं आणि वासराचं काही बरंवाईट झालं, तर परत तिच्याच नावावर. तरीही पाला चुकला नाही. मी रोज ठरवायचो की उद्या बोलायचं, आणि रोज तिच्या वेळेला मला माळ्यावर काहीतरी काम निघायचं. तीस वर्षं लहान लहान पोरांकडून जे खडाखडा वदवून घेतलं, ते माझ्या घशात आडवं बसलं होतं.

गाय मात्र अशी खात होती की आवाज ओटीपर्यंत यायचा. चौथ्या दिवशी पाडीनं माझं बोट जोरात चोखलं, पहिल्यासारखं खरखरीत. डॉक्टर येऊन ऐकून गेली आणि 'छाती बरी वाटते' म्हणाली, तेव्हा मी बायकोला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. तिनं तो प्यायला, साखर नव्हती तरी. बाहुली, बिब्बा मी त्याच दिवशी काढले. पडदा काढायला अजून दोन दिवस लागले, कारण सुतळी मीच शिवली होती आणि चांगली शिवली होती.

आठव्या दिवशी पाडी उठली. गुरं उठतात ती मागून, आधी ढुंगण वर आणि मग पुढचं धूड. तिनं मागचे पाय टेकले, थरथरली, मी हात पुढे केला आणि मागे घेतला. उभी राहिली. मग इतक्या दिवसांचा हिशेब चुकता करावा तसं आईच्या कासेला असं धडकून तोंड लावलं की गाय दचकली. मी तिथंच शेणात बसलो आणि रडलो. बायकोनं बघितलं आणि ती गायीला पाला घालायला वळली.

नवव्या दिवशी मी माळ्यावर गेलो नाही. पाडीला गळ्याच्या दोरीनं धरून कुंपणापाशी नेऊन उभी केली आणि थांबलो. मावशी आली. नेहमीप्रमाणे पदर आडवा, तोंड रस्त्याकडे. भारा ठेवला.

"मावशी, थांब जरा."

थांबली. वळली नाही.

"वासरू उभं राहिलंय. बघ तरी."

"नको मास्तर. उंद्या परत पाय गेलं त माज्याच नावानं बोंब."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

ती रस्त्याकडेच बघत म्हणाली, "मोट्यानं बोला मास्तर. मागच्या बाकाला आयकू नाय आलं."

तिच्या पोरानं ते वाक्य घरी नेलं होतं तर. ओट्यावर बायकोनं पदर तोंडावर धरला. समोरच्या घरातला दात घासणारा शेजारी ब्रश तोंडात ठेवून बाहेर आला. माझे कान तापले. पण पाडीची ओली जीभ माझ्या मनगटावर होती. मी छाती भरून श्वास घेतला आणि प्रार्थनेच्या वेळी लावायचो त्या आवाजात म्हणालो, "मावशी, माझं चुकलं."

तेव्हा ती वळली. पदर खाली सोडला आणि पाडीकडे पाहिलं, आधी खुरांकडे, मग मांड्यांकडे, मग वर कपाळावरच्या वाकड्या चांदापर्यंत. सावकाश, पोटभर. पाडी पुढे होऊन तिच्या लुगड्याचा काठ चोखायला लागली. मावशी वाकली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि एकदम थांबून ओट्याकडे बघत म्हणाली,

"पाडी हाय गो ही? मी आपली इतकं दिस गोऱ्हाच समजत व्हते."

म्हणजे पडद्याआड तिनं कधीच पाहिलं नव्हतं. तिनं फक्त उकिरडा पाहिला होता, डॉक्टरनं पाहिला तसाच. मी खाली बसलो आणि पाल्याच्या भाऱ्याची गाठ सोडायला लागलो. बराच वेळ ती काही मला सुटली नाही.